इंग्रीबाईंची रक्ततपासणी

दवाखान्यातून बरा होऊन घरी जाणारा माणूस डॉक्टरांच्या पाया पडतो, सिस्टरला पेढे देतो, वॉर्डबॉयचाही निरोप घेतो. लॅबवाल्याकडे कोणी फिरकत नाही. त्यात पेशंटचा दोष नाही. आमची खोली मागच्या बाजूला, जिन्याखाली. आणि माणूस आमच्याकडे येतो तो बाटलीतून, डबीतून, नाहीतर काडेपेटीतून. हो, काडेपेटीतूनसुद्धा. शी तपासायला आणा म्हटलं की खेड्यातले लोक हटकून काडेपेटीत आणायचे, आणि वर विचारायचे, "पुरंल का एवढी?"

मी शेख महेबूब. गाव कंधार, शिक्षण नांदेडला, नोकरी मात्र सगळी लातूरला, एका सर्जनच्या खासगी दवाखान्यात. त्यांना मी आयुष्यभर 'सर' म्हटलं, इथेही तसंच म्हणतो. रक्त काढायचं, तपासायचं, आकडा लिहायचा आणि कागद वर पाठवायचा, एवढंच माझं काम. रक्त खोटं बोलत नाही, असं मी हाताखालच्या नव्या लोकांना सांगत असे. रक्त तपासणारा बोलू शकतो, हे सांगायचं मात्र राहून जायचं. ती हकीकत आता सांगतो.

भूकंपानंतर लातूरला जग आलं. ज्या रस्त्याने आम्हाला एसटीच वेळेवर मिळायची नाही, त्या रस्त्यावर वेगवेगळ्या देशांची निशाणं लावलेल्या जीपगाड्या धावू लागल्या. पडलेल्या गावांच्या जागी नवी घरं बांधायला परदेशी संस्था आल्या, त्यांच्याबरोबर गोरी माणसं आली, आणि ती माणसं महिन्याभरात आजारी पडू लागली. घर गमावलेले लोकसुद्धा पाहुण्याला ताक पाजल्याशिवाय सोडत नव्हते, आणि यांना नाही म्हणता येत नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी जीप आमच्या दारात.

इंग्रिडबाई पहिल्यांदा आल्या त्या अशाच ताकामुळे. वय चाळिशीच्या पुढे, उंच, ऊन लागून लाल झालेला चेहरा, पायात मिस्त्रीलोकांसारखे जाड बूट. उत्तर युरोपातल्या कुठल्याशा थंड देशातल्या त्या इंजिनियर. भूकंपात न पडणाऱ्या भिंती कशा बांधायच्या हे गवंड्यांना शिकवायला आल्या होत्या. गावात त्यांचं 'इंग्रीबाई' झालं होतं. त्यांच्याबरोबर बालाजी. तो औश्याचा, संस्थेच्या जीपचा ड्रायव्हर, आणि दोन प्रयत्नांत का होईना इंग्रजी घेऊन बी. ए. झालेला, म्हणून दुभाषाही तोच.

बाईंनी पिशवीतून एक छोटं पुस्तक काढलं. परक्या, मागासलेल्या देशात आजारी पडल्यास काय करावं, याच्या सूचना त्यांच्या संस्थेने छापून दिल्या होत्या. शेवटच्या पानावर दवाखान्याला विचारायचे अठरा प्रश्न. बाई माझ्यासमोर स्टुलावर बसल्या आणि एकेक प्रश्न वाचू लागल्या. बाई चांगली पाच वाक्यं बोलल्या की बालाजी म्हणायचा, "सुई नवी हाय का, असं इचारून राहिल्यात."

मी सांगितलं, "सुई आणि काचेची सिरिंज, दोन्ही उकळून घेतो. वीस मिनिटं. घड्याळ लावून."

बालाजीने त्याचं इंग्रजीत काय केलं कोण जाणे. बाईंनी पिशवीतून स्वतःची सुई आणि सिरिंज काढून माझ्यापुढे ठेवली. पाकीटबंद, त्यांच्या देशातून आणलेली.

मला राग आला. माझ्या हाताला त्या वेळी बारा वर्षं झाली होती. तान्ह्या मुलाची शीर मला अंधारात सापडायची. मी म्हटलं, "बाईंना म्हणावं, रक्त पण तिकडूनच काढून आणायचं की!"

बालाजी म्हणाला, "सर सेज, व्हेरी गुड निडल."

बाईंनी मान डोलावली, हात पुढे केला, मी रक्त काढलं. मग त्यांनी माझ्या टेबलाखालच्या कचऱ्याच्या टोपलीत डोकावून पाहिलं. टोपलीत उघड्या सुया पडलेल्या होत्या. त्यांनी त्या बोटाने दाखवल्या, मग दाराशी उभ्या असलेल्या आमच्या झाडणाऱ्या चंद्रकलामावशींकडे बोट दाखवलं. एवढंच. भाषांतराची गरज पडली नाही. मावशींच्या बोटांना महिन्यातून एकदा तरी सुई टोचलेली असायची, आणि बारा वर्षांत ते माझ्या मनात आलं नव्हतं. त्याच आठवड्यात मी दुधाच्या पावडरीचा पत्र्याचा डबा घेतला, झाकणाला भोक पाडलं आणि सुया त्यात टाकू लागलो. हे बाईंमुळे झालं, हे मात्र कोणाला सांगितलं नाही.

पुढे त्यांची माझी ओळख वाढली ती अशीच, अधूनमधून येणाऱ्या तापाने आणि जुलाबाने. दर वेळी अठरा प्रश्न. दर वेळी स्वतःची सुई. गावातून मात्र त्यांच्या वेगळ्याच गोष्टी कानावर यायच्या. बाई ओळंबा लावून भिंत बघतात, वाकडी दिसली की स्वतः फावड्याने पाडतात. एका मिस्त्रीची भिंत तीनदा पाडली, तर तो म्हणाला म्हणे, "भूकंपानं एकदाच पाडली व्हती."

मग तो दिवस. सकाळचे अकरा वाजले असतील. बालाजीने जीप थेट पायऱ्यांपर्यंत आणली. बाई परांचीवरून पडल्या होत्या. उंची फार नव्हती, पण खाली दगडांचा ढीग होता आणि डावी कूस त्यावर आदळली होती. रक्ताचा थेंब कुठे दिसत नव्हता. बाई स्वतः चालत आत आल्या आणि डावा खांदा दुखतो म्हणाल्या. खांद्याला तर खरचटलंही नव्हतं.

सरांचा चेहरा तिथेच बदलला. पोटात डाव्या बाजूला बरगड्यांखाली पांथरी असते. ती फाटली की रक्त पोटात साचतं, आणि दुखतो मात्र खांदा. सरांनी पोटात सुई घालून ओढली. सिरिंज लालभडक भरली.

"महेबूब, गट कर. पटकन."

बाईंच्या गळ्यात संस्थेचं कार्ड होतं, त्यावर रक्तगट छापलेला होता, पण छापलेल्या गटावर आम्ही विश्वास ठेवत नाही. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर रक्ताचे तीन थेंब घ्यायचे, प्रत्येकात वेगळं औषध टाकायचं आणि हलवायचं. ज्या थेंबात दूध फाटल्यासारख्या गुठळ्या होतात त्यावरून गट ठरतो. बाईंच्या तिन्ही थेंबांत काहीच झालं नाही. म्हणजे ओ निगेटिव्ह. हे रक्त कोणालाही चालतं, पण त्याला स्वतःला दुसरं कोणतंच चालत नाही. त्यांच्या देशात असे लोक बरेच असतात. आपल्याकडे फार थोडे.

कार्डाच्या मागे ठळक अक्षरांत आणखी एक ओळ होती. या देशात धारकास रक्त देऊ नये. तातडीच्या वेळी मुंबईला हलवावे. खाली फोन नंबर.

सर म्हणाले, "मी फोन लावतो. लागेपर्यंत तू रक्त बघून ठेव. लागेल की नाही ते नंतर."

माझ्याकडे एक वही होती. लातुरात ज्या ज्या निगेटिव्ह माणसाचं रक्त माझ्या हाताखालून गेलं, त्याचं नाव आणि पत्ता त्यात. माझ्या नोकरीतली खरी कमाई म्हणाल तर ती वही. ओ निगेटिव्हची तीन नावं निघाली. शिरूर अनंतपाळचा एक एसटी कंडक्टर, तो त्या दिवशी धर्माबादच्या गाडीवर गेलेला. उदगीरची एक बाई, तिचं आठवड्यापूर्वीच बाळंतपण झालेलं. तिसरे गित्ते सर.

लातुरात तेव्हा शिकवण्यांचं पेव फुटायला लागलं होतं. गित्ते सर फिजिक्स शिकवायचे. पत्र्याच्या शेडमध्ये शंभरेक पोरंपोरी मांडीला मांडी लावून बसलेली, पुढे फळा, आणि ते पाठमोरे लिहीत सुटलेले. मी दारात उभा राहून म्हटलं, "सर, थोडं काम होतं."

"शंका शेवटी," वळून न बघता ते म्हणाले.

"सर, रक्त पाहिजे."

आता ते वळले. सगळा वर्गही वळला. मी चार वाक्यांत सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. "पुढची बॅच चाळीस मिनिटांनी हाय. तेवढ्यात सोडणार का?" मी हो म्हटलं. मग पोरांना तीन गणितं घालून ते माझ्या स्कूटरवर मागे बसले.

लॅबमध्ये आल्यावर मी तपासणीसाठी थोडं रक्त काढायला सिरिंज उचलली, तर गित्ते सरांनी बाही खाली ओढली.

"ही सुई नवी हाय का?"

"उकळलेली आहे, सर. वीस मिनिटं."

"उकळलेली न्हाई चालणार. पेपरात लई येऊन राहिलंय एड्सचं. मी बाल-बच्च्यांचा माणूस."

मी बाईंच्या पिशवीतली पाकीटबंद सुई काढली आणि त्यांच्यासमोर फोडली. तेव्हा कुठे बाही वर गेली.

आमच्या सरांच्या खोलीत एव्हाना फोन लागला होता. आधी संस्थेचं मुंबईचं ऑफिस, मग तिकडून परदेशातला विमा कंपनीचा डॉक्टर. सरांचं इंग्रजी बोलणं दारातून ऐकू येत होतं. त्या डॉक्टरने लातूरचं स्पेलिंग दोनदा विचारलं. मग विचारलं, तुमच्यापासून सर्वात जवळचं योग्य रुग्णालय किती लांब आहे?

सर म्हणाले, "मी त्यातूनच बोलतोय."

मग तिकडून आलं, पेशंटला मुंबईला हलवा, आम्ही विमानाची व्यवस्था बघतो. सरांनी सांगितलं, विमान निघून इथे पोचेपर्यंत न्यायला पेशंट उरणार नाही. मग हलवायला तुमचा विरोध आहे असं लिहून घ्यावं लागेल, तिकडचा डॉक्टर म्हणाला. "लिहा," सर म्हणाले, "दोनदा लिहा," आणि फोन ठेवला.

सलाइन चालू होतं, तरी बाईंचा लाल चेहरा कागदासारखा झाला होता. शुद्ध मात्र पूर्ण होती. सरांनी त्यांना सरळ सांगितलं. पोट उघडून पांथरी काढावी लागेल, आत्ता. पोटात साचलेलं तुमचंच रक्त वाटीने काढून, निर्जंतुक गॉजच्या आठ घड्यांतून गाळून, न गोठण्याचं औषध घातलेल्या बाटलीत भरून तुम्हाला परत देऊ. ते या देशाचं नाही, तुमचंच आहे. पण तेवढ्याने भागलं नाही, तर दुसऱ्याचं द्यावं लागेल.

ऑपरेशनला आणि स्वतःच्या रक्ताला बाईंनी लगेच मान हलवली. दुसऱ्याच्या रक्तावर त्या थांबल्या. म्हणाल्या, लॅबच्या माणसाला बोलवा.

इथे माझी गोष्ट सुरू होते, आणि इथेच मी तिच्यात कमी पडलो.

एड्सची तपासणी तेव्हा आमच्याकडे एका परदेशी किटवर व्हायची. कागदाच्या पट्टीवर ठिपका उमटतो का ते बघायचं; उमटला तर लागण. गित्ते सरांचं रक्त मी त्यावर तपासलं होतं. त्यांचा ठिपका नव्हता, आणि किट ठीक आहे हे सांगणारा खुणेचा ठिपका स्वच्छ उमटला होता. पण पट्टी गुंडाळून टाकताना डब्यावरची तारीख दिसली. मुदत संपून पाच आठवडे झाले होते. नवा माल नांदेडच्या एजन्सीकडून यायचा होता, तो आला नव्हता. आणि डब्यावरची तारीख बघणं हे माझं काम होतं, दुसऱ्या कोणाचं नाही. मी सरांच्या कानावर घातलं. ते हात धूत होते. म्हणाले, "माझ्या मते धोका फार कमी आहे. पण जीव तिचा आहे. तिला सांग, आणि ती काय म्हणते ते मला सांग."

मी स्ट्रेचरशी गेलो. बालाजी बाईंच्या उशाशी रडकुंडीला येऊन उभा होता. बाईंनी इंग्रजीत विचारलं, तुमची तपासणी भरवशाची आहे का? ते मला समजलं. बालाजीने तरी भाषांतर केलं.

मी मराठीत सांगायला सुरुवात केली. "बालाजी, नीट सांग बाईंना. रक्त देणारा माणूस मला माहीत आहे, सरळ घरचा आहे. टेस्ट साफ आली आहे. पण किटची तारीख गेली आहे. पाच आठवड्यांपूर्वी. खुणेचा ठिपका उमटला, म्हणजे किट चालतंय असं मला वाटतं. पण छातीठोक सांगता येत नाही."

बालाजीने माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, डोळे पुसले आणि म्हणाला, "टेस्ट ओके, मॅडम."

तीन शब्द. मला ते कळले. डब्यावरची इंग्रजी सूचनापत्रकं वाचून मी बारा वर्षं काम केलं होतं. 'डेट ओव्हर' एवढं म्हणायला मला कुठलीही बी. ए. लागत नव्हती. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड मिटून उभा राहिलो. खरं सांगितलं आणि त्यांनी नको म्हटलं तर? अशी भीती होती, हे खरं. पण तारीख बघायची राहिली ती माझ्याकडून, हे त्यांना कळू नये, असंही आतून वाटत होतं. दोन्हींत काय जास्त होतं ते मला आजही मोजता आलेलं नाही.

बाईंनी सही केली.

ऑपरेशन दीड तास चाललं. मी वाटीने आलेलं रक्त गाळून बाटल्या भरत होतो. बाईंचं स्वतःचं रक्त दोन बाटल्या निघालं. ते कमी पडलं. गित्ते सरांकडून घेतलेली बाटली लावावी लागली. ती लावल्यावर ब्लडप्रेशर वर आलं आणि मग खाली गेलं नाही. गित्ते सर तोवर आपल्या बॅचला पोचलेही होते. पोरांची तीन गणितं तपासून झाली होती, असं नंतर कळलं.

सगळ्यांनी आमच्या सरांचं कौतुक केलं आणि ते योग्यच होतं. मी दोन दिवस जेवलो नाही नीट. तिसऱ्या दिवशी एसटीने नांदेडला जाऊन नवं किट घेऊन आलो. गित्ते सरांचं राखून ठेवलेलं रक्त पुन्हा तपासलं. साफ होतं. मी स्टुलावर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. चंद्रकलामावशी आत आल्या, म्हणाल्या, "काय झालं वो भाई? घरचं कोणी हाय का दवाखान्यात?"

मुंबईहून संस्थेचे एक अधिकारी आले, छापील कागद घेऊन. आमचा दवाखाना त्यांच्या यादीत बसतो का ते बघायला. तेच अठरा प्रश्न. जनरेटर किती क्षमतेचा, सुया कुठल्या, लिफ्ट आहे का. अकरांत आम्ही नापास. किटची तारीख मात्र आता बरोबर होती, त्यात पास झालो. जाताना ते म्हणाले, फार वाईट वाटतं, पण हे रुग्णालय आमच्या माणसांसाठी योग्य नाही. सरांनी त्यांना चहा पाजला. खाटेवर त्यांचं माणूस बसून खिचडी खात होतं.

पाचव्या दिवशी दुपारी मी बाईंचं हिमोग्लोबिन बघायला रक्त काढायला गेलो. बालाजी चहाला गेला होता. खोलीत आम्ही दोघंच. माझ्या ट्रेवर उकळलेली सुई होती, आणि बाईंनी आपली पिशवी उघडली नाही. नुसता हात पुढे केला. मला ते सहन होईना.

रक्त काढून झाल्यावर मी इंग्रजी जुळवू लागलो. मॅडम, त्या दिवशी, ते किट, त्याची डेट...

बाईंनी हात वर करून मला थांबवलं.

"तारीख गेली व्हती," त्या म्हणाल्या. "ठाऊक हाय मला."

उच्चार त्यांचा, पण मराठी थेट परांचीवरची.

"आठ महिने मिस्त्री लोकांत हाय मी. ते रोज मला तारीखच देतात. उद्या देतो, परवा देतो. तारीख गेली, हे पहिलं शिकले."

"मग सही का केली?"

त्यांनी पोटावरच्या पट्टीला हात धरून जरा सरळ बसून घेतलं. "तू बोलत व्हता तेव्हा मी तुझ्या तोंडाकडं बघत व्हते. भीत व्हता, पन सगळं बोलला. टेस्ट चांगली, तारीख गेली, खात्री न्हाई. बालाजी खोटं बोलला. त्याला वाटलं, मी मरंल. तू खरं बोलला. म्हणून केली सही."

इथे मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. नोकरीतलं सगळ्यात मोठं शाबासकीचं पत्र मला तोंडी मिळत होतं, आणि ते देणाऱ्या बाईला लोकांची भिंत जराही वाकडी चालत नव्हती. पण त्या दिवसाचं गप्प राहणं अजून अंगावर होतं.

मी म्हटलं, "बाई, बालाजीने काय सांगितलं ते मला कळलं होतं. इंग्रजी मला तेवढं येतं. मला इंग्रजीत सांगता आलं असतं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. हसायला आलं, पण टाक्यांमुळे हसता येईना. त्यांनी उशी पोटाशी घट्ट धरली.

"व्हय," त्या म्हणाल्या. "आनि मला मराठीत इचारता आलं असतं."